खर्ज आणि पंचम यांच्यामधला सांधा

संपादकांनी कामाच्या अनुभवांवर लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात असे लेख लिहितात ती सगळी पिकलेली माणसं. कुणी रेल्वेत जन्म घालवलेला, कुणी इस्पितळात, कुणी बँकेत. माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष अजून चालू आहे, आणि कोरमंगलातल्या ज्या छोट्या कंपनीत मी कॉलेज सांभाळून काम करते तिथे माझ्या नावापुढे अजून ‘ट्रेनी’ असंच लिहितात. संपादक म्हणाले, तुझ्या कामातून निवृत्त झालेला माणूस साऱ्या जगात शोधून सापडायचा नाही, कारण ते कामच काल जन्मलंय. तेव्हा तूच लिही. म्हणून लिहिते आहे.

आमचं काम म्हणजे वेबसाइट तयार करणं. बंगळुरातले हुशार प्रोग्रॅमर सध्या दोन हजार साल उजाडल्यावर कॉम्प्युटर गोंधळू नयेत म्हणून जुने प्रोग्रॅम दुरुस्त करण्यात गुंतले आहेत. त्यामुळे वेबसाइटचं बारीकसारीक काम आमच्यासारख्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलं. मला तर ती लॉटरीच वाटते. मी निपाणीजवळच्या एका गावची. आई विड्या वळते, वडील तंबाखूच्या वखारीत आहेत, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईनं विचारलं, तू बनवतेस ते ठेवतात कुठं? मी म्हणाले, एका कॉम्प्युटरवर ठेवतात आणि जगात कुठूनही टेलिफोनच्या तारेतून बघतात. ती म्हणाली, मग त्याला कुलूप कोण लावतं?

ज्यांनी वेबसाइट पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. ते एक माहितीपत्रकच असतं, फक्त कागदाऐवजी कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडतं. ते उघडणाऱ्या प्रोग्रॅमला ब्राउझर म्हणतात. पत्रकातला मजकूर सगळ्यांत हलका. तो तारेतून पोस्टकार्डासारखा पटकन जातो. चित्र त्याहून जड. आणि आवाज म्हणजे धान्याचं पोतं. तार मात्र तीच, टेलिफोनची. म्हणून वेबसाइटवर आवाज घालायचा झाला तर तो घालायचा कसा, हे आधी ठरवावं लागतं. आमच्या धंद्यातली ही एक वेगळीच डोकेदुखी आहे, आणि खरं सांगायचं तर मला तीच सगळ्यांत जास्त आवडते.

पहिला धडा आम्हाला एका मंगल कार्यालयाच्या मालकानं दिला. त्यांना पान उघडताक्षणी सनई वाजायला हवी होती. आम्ही तशी वाजवली. मग एका मुलीच्या वडिलांनी कार्यालय बघावं म्हणून ते पान आपल्या ऑफिसात उघडलं. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. सनई बंद करायचं बटण पानावर नव्हतंच, कारण ते कुणाला सुचलं नव्हतं. त्या गृहस्थांनी शेवटी कॉम्प्युटरची वायर उपटली. नंतर मालक आमच्याकडे आले आणि म्हणाले, सनई राहू दे, पण ऑफिसात वाजणार नाही असं काहीतरी करा. तेव्हापासून आमचे संदीप सर, म्हणजे कंपनीचे मालक, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात की ऐकणाऱ्यानं मागितल्याशिवाय आवाज करायचा नाही.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येते.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक साठीचे गृहस्थ कापडी पिशवीत काहीतरी घेऊन ऑफिसात आले. नाव गुंडूअण्णा. घराणं मूळ धारवाडकडचं, पण दोन पिढ्या बंगळुरात, त्यामुळे घरात मराठी आणि मराठीत कन्नड. एका कारखान्यात रेडिओ जुळवण्याचं काम करून, नोकरी लवकर सोडून, त्यांनी बंगळुराबाहेर होसकोट्याला एक शेड भाड्यानं घेतली होती. तिथे ते इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवत. पेटी म्हटलं की लोकांना हार्मोनियम वाटते, म्हणून ते त्याला नुसता ‘डबा’ म्हणत. त्यांनी पिशवीतून डबा काढला, माझ्या टेबलावर ठेवला, बटण फिरवलं. आणि आमच्या त्या कीबोर्डच्या खडखडाटात एकदम तंबोरा सुरू झाला. पंचम, मग जोडीच्या दोन तारा, मग खर्ज, पुन्हा पंचम. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण पंख्याखाली बसलेले दोन प्रोग्रॅमर हात थांबवून ऐकत राहिले, हे मी पाहिलं.

त्यांची अडचण अशी होती. अमेरिकेत नलिनीबाई म्हणून एक गाण्याच्या शिक्षिका आहेत. त्यांच्या वर्गासाठी त्यांना असे बरेच डबे हवे होते. ऐकल्याशिवाय कशा घेणार, म्हणून अण्णांनी कॅसेट पाठवली. नलिनीबाईंचं उत्तर आलं की तुमचा तंबोरा डुलतो. तो डुलत नव्हता, कॅसेट डुलत होती. इथली टेप थोडी हळू, तिथली थोडी जलद, आणि फीत मध्येच ओढली जाते. पण हे पत्रातून कसं पटवायचं? बाईंनी सभ्यपणे लिहिलं होतं की त्यांच्या सुट्टीनंतर वर्ग सुरू होतील, तोवर दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ऐकवता आलं तर ऐकवा, नाहीतर मी दुसरीकडून मागवीन. बंगळुरातली दुकानं मोठ्या कंपनीचे डबे ठेवत, अण्णांचे कोपऱ्यात. शेडमध्ये सोल्डरिंग करणाऱ्या दोन बायका होत्या. ही मागणी आली नाही तर दसऱ्याला शेड सोडायची आणि घरी बसून रेडिओ दुरुस्त करायचे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. सर म्हणाले, “अण्णा, डोंट वरी. साउंड हे आमचं रोजचं काम आहे. मंगल करेल.”

मंगल म्हणजे मी. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी हेब्बाळच्या बसमध्ये उभ्याउभ्या मी तोंडानं तो तंबोरा करून पाहत होते.

सर्वात सरळ मार्ग म्हणजे डब्याची वायर कॉम्प्युटरला जोडायची, चार-पाच मिनिटं रेकॉर्ड करायचं आणि पानावर ठेवून द्यायचं. ज्याला हवं त्यानं उतरवून घ्यावं. सरांनी हौसेनं ते पान स्वतः बनवलं. ऑफिसात बटण दाबलं की आवाज झटक्यात येई. अण्णांना बोलावून दाखवलं, त्यांचे डोळे भरून आले. त्याच उत्साहात आम्ही त्यांना खालच्या सायबर कॅफेत घेऊन गेलो. तिथे पान उघडलं, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. सरांच्या पानात आवाजाचा पत्ता म्हणून सरांच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पत्ता पडला होता. त्यामुळे जगात फक्त सरांना तो तंबोरा ऐकू येत होता. आमच्या धंद्यात ही चूक प्रत्येकजण एकदा करतो, आणि करताना त्याला अतिशय छान वाटत असतं. अण्णा म्हणाले, चला, निदान एक तरी गिऱ्हाईक नक्की.

पत्ता सुधारल्यावर आवाज यायला लागला, पण पाऊण तासानं. चार-पाच मिनिटांचा आवाज म्हणजे मघाशी सांगितलेली पोत्यांची थप्पीच. नलिनीबाई अमेरिकेत फोन अडवून पाऊण तास का बसतील?

दुसरा मार्ग सरांना अतिशय आवडणारा होता. आवाज उतरवून घ्यायचाच नाही, नळाच्या पाण्यासारखा येत जाईल तसा ऐकायचा. त्यासाठी आवाज आधी पिळून पिळून लहान करतात. माणसाचं बोलणं त्यात बरं ऐकू येतं, क्रिकेटची कॉमेंटरी चालते. तंबोऱ्याचं मात्र काय झालं ते ऐकायला अण्णांबरोबर त्यांच्या मोठ्या बहीण आल्या. रुक्माक्का. आयुष्यभर गाणं शिकवलेल्या. डबा तयार झाला की त्या तो कानानं तपासत आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय तो शेडमधून बाहेर पडत नसे. त्यांनी स्पीकरला कान लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि सरांना आईच्या मायेनं विचारलं की या तंबोऱ्याला सर्दी कधीपासून आहे.

तंबोऱ्याचं सगळं वैभव त्याच्या जवारीत असतं, म्हणजे तार छेडल्यावर जो झणझणता, उलगडत जाणारा नाद येतो त्यात. आवाज पिळणारा प्रोग्रॅम आधी तोच नाद फेकून देतो, कारण बोलण्याला त्याची गरज नसते. हे मला त्या दिवशी कळलं. कुठलाही आवाज लहान करताना कुणीतरी ठरवलेलं असतं की त्यातलं काय फेकायचं. आणि ते ठरवणाऱ्यानं तंबोरा ऐकलेला नसतो.

मग सर तिसरी युक्ती घेऊन आले. मिडी. ही फाइल इतकी लहान असते की डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचते. सरांनी ती चालू केली आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सुरेल, स्वच्छ तारा वाजल्या. अण्णा खूश झाले. सर्दी नाही, पाऊण तास नाही. अक्का मात्र पुन्हा पुन्हा ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं की हे चांगलं आहे, पण हे कोण वाजवतंय?

मला उत्तर माहीत होतं आणि द्यायचा धीर होत नव्हता. मिडीमध्ये आवाज नसतोच. त्यात फक्त लिहिलेलं असतं की आता हा स्वर, मग तो स्वर. वाजवतो तो ऐकणाऱ्याचा कॉम्प्युटर, त्याच्याकडे जे वाद्य असेल त्यावर. मी त्यांना परत कॅफेत नेलं आणि तीच फाइल तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर लावली. ती एखाद्या दारावरच्या बेलसारखी वाजली.

अण्णांना समजायला वेळ लागला नाही. रेडिओतला माणूस. ते म्हणाले, “म्हणजे माझा डबा यात नाहीच.”

सरांनी समजावलं की अमेरिकेत कॉम्प्युटर चांगले असतात, बाईंना गोड आवाज ऐकू येईल, ऑर्डर येईल, आणि डबा तर त्याहून चांगला आहे, मग फसवणूक कसली? ते मनापासून बोलत होते; त्यांना अण्णांची शेड वाचवायची होती. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

“सरी, ठीक आहे. पण तिला तो आवाज आवडला आणि घरी डबा आला, तर ती म्हणेल हा तो नव्हे. तेव्हा मी काय सांगू? तो तुझाच कॉम्प्युटर वाजवत होता बाई, असं करून?”

सर यावर हसले, पण मिडी त्यांनी स्वतःच पुसून टाकली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की बघ मंगल, आपल्याला माहीत असलेले सगळे मार्ग संपले. मी त्यांना एवढंच विचारलं की मी एकदा होसकोट्याला जाऊन येऊ का. का जायचं ते मला नीट सांगता येत नव्हतं. मला फक्त ते डबे तयार होताना पाहायचे होते.

होसकोट्याच्या त्या शेडमध्ये एका बाजूला सोल्डरिंगचा धूर, शेजारच्या कारखान्यातला पत्रे कापण्याचा आवाज, आणि मध्ये खुर्चीवर रुक्माक्का डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. मला त्यांनी “बा पुट्टी”, म्हणजे ये पोरी, असं म्हणून शेजारी स्टूल दिलं. त्या डबा चालू करत, डोळे मिटत, थोडा वेळ ऐकत आणि मग हलक्या आवाजात त्याच्यावर एक षड्ज लावत. मी विचारलं, डबा बरोबर आहे हे कळायला किती वेळ ऐकावं लागतं? पूर्ण ऐकावा लागतो का?

त्या हसल्या. “पूर्ण म्हणजे काय गं? तंबोऱ्याला सुरुवात-शेवट असतो काय? एक आवर्तन ऐकलं की सगळा ऐकला.”

त्या पुढचा डबा उचलायला वाकल्या आणि मी स्टुलावर तशीच बसून राहिले. एक आवर्तन ऐकलं की सगळा ऐकला. मग आम्ही चार-पाच मिनिटं का पाठवत होतो? पंचम, जोड, जोड, खर्ज, एवढंच पाठवायचं. न पिळता, जवारीसकट. आणि ब्राउझरला सांगायचं की हे संपलं की पुन्हा पहिल्यापासून वाजव, पुन्हा, पुन्हा. पोती नकोतच. एक ओंजळ पुरे. तारेतून ती चहा गाळेपर्यंत पोचेल.

हे मी अण्णांना इतक्या भरभर सांगितलं की त्यांनी मला “स्वल्प थांब, स्वल्प थांब” म्हणत खाली बसवलं आणि पाणी दिलं. मग पुन्हा ऐकलं. आणि मग तेच उठून उभे राहिले, कारण त्यांच्या लक्षात माझ्यापेक्षा पुढचं आलं होतं. खऱ्या तंबोऱ्यात प्रत्येक छेडणं थोडं वेगळं पडतं. त्यांच्या डब्यात प्रत्येक आवर्तन हुबेहूब सारखं. हा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा दोष म्हणून गवयी नाकं मुरडतात, आणि नेमका तोच आमच्या उपयोगी पडणार होता.

दुसऱ्या दिवशी मी पहिलं आवर्तन कापलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाज लाटेसारखा दिसतो. हवा तिथे माउस नावाचा उंदीर फिरवून तो कापता येतो. मी पंचमाच्या आधी कापलं, खर्ज विरल्यावर कापलं, आणि गोल फिरवलं. वाजलं छान, पण प्रत्येक फेरीच्या शेवटी ‘टक्’. जणू कुणी तबल्यावर नख मारतंय. लाट जिथे संपत होती आणि जिथे सुरू होत होती तिथे त्यांची उंची जुळत नव्हती. ती जुळवली, ‘टक्’ गेलं. मला वाटलं झालं. अक्कांना बोलावलं. त्यांनी नेहमीप्रमाणे त्याच्यावर षड्ज लावला, आणि दर फेरीला एका जागी त्यांचा आवाज थबके. त्या म्हणाल्या, काही चुकत नाही, पण तिथे तंबोरा पाय उचलतो.

दोन दिवस मी तो पाय शोधत होते. कॉलेजात सर्किटच्या तासालाही डोक्यात तेच. मग लक्षात आलं ते इतकं साधं होतं की सांगताना लाज वाटते. मी पहिलं आवर्तन कापलं होतं. पहिला पंचम शांततेतून येतो. त्याच्या मागे काही वाजत नसतं. पण दुसऱ्या फेरीचा पंचम येतो तेव्हा आधीच्या खर्जाचा नाद अजून हवेत असतो, आणि पंचम त्याच्या अंगावर पडतो. माझ्या गोल फिरणाऱ्या आवर्तनात प्रत्येक पंचम शांततेतून येत होता. म्हणजे तंबोरा प्रत्येक फेरीला नव्यानं सुरू होत होता. मी बराच वेळ वाजवून, मधलंच एक आवर्तन उचललं, ज्यात सगळ्या तारा आधीपासून भरलेल्या होत्या. ते फिरवलं आणि अक्कांना फोनवरून काहीच न सांगता एवढंच म्हणाले की येता का.

त्या आल्या, बसल्या, षड्ज लावला. मग सगळं ऑफिस विसरून त्यांनी भूपाचा एक छोटा आलाप घेतला. मध्ये कुठेही थबकल्या नाहीत. सरांनी हळूच माझ्या पाठीवर थाप मारली. अक्कांनी डोळे उघडून विचारलं, हा डबा कुठे आहे? कारण डबा टेबलावर नव्हता. तो होसकोट्यालाच होता.

आता राहिलं ते पानात बसवणं. तिथेही तीन वाटा होत्या. पानामागे आवाज लावून दिला तर तो आपोआप सुरू होतो, म्हणजे पुन्हा मंगल कार्यालयाची सनई. नुसता दुवा दिला तर दाबल्यावर वेगळी खिडकी उघडते, आवाज एकदा वाजतो आणि थांबतो. तंबोरा एकदाच वाजून काय उपयोग? तिसरी वाट म्हणजे पानातच छोटा प्लेयर बसवायचा, ऐकणाऱ्यानं बटण दाबल्यावर सुरू होणारा आणि थांबवेपर्यंत फिरत राहणारा. आम्ही ती घेतली. पण दोन ब्राउझर दोन सासवांसारखे. एकीला चाललं ते दुसरीला चालत नाही. एकाचा प्लेयर दर फेरीनंतर श्वास घ्यायला क्षणभर थांबे. वेगवेगळे प्लेयर लावून पाहायला मी कोरमंगलातले सगळे सायबर कॅफे पालथे घातले. इतर पोरं चॅटिंग करत असत आणि माझ्या कोपऱ्यातून तंबोरा. एका मालकानं विचारलं, काय अम्मा, मठ काढलात काय? शेवटी एक प्लेयर सापडला जो आवाज पूर्ण उतरवून आपल्या पोटात ठेवायचा आणि मग श्वास न घेता फिरवायचा. दोन्ही सासवांना तो चालला. त्याखाली, ज्यांच्याकडे काहीच चालणार नाही त्यांच्यासाठी, एक साधा दुवा ठेवला.

सरांनी नलिनीबाईंना पत्ता पाठवला. मग आम्ही वाट पाहिली. त्या दिवसांत मला कॉलेजात कुणी काही विचारलं तर मी आधी “मेल आला?” असंच म्हणत असे.

मेल आला तेव्हा योगायोगानं अण्णा आणि अक्का दोघं ऑफिसात होते. सरांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली येत गेला. बाईंनी लिहिलं होतं की तंबोरा उत्तम आहे, डुलत नाही, जवारी फार सुंदर. त्यांनी बटण दाबलं, आवाज उतरला, मग फोनची लाइन तोडली, तरी तो चालूच राहिला. त्यावर त्यांच्या दोन शिष्या सबंध दुपार गायल्या. शेवटी एक ओळ होती. त्यातल्या एकीनं विचारलं की हा असा फुकट वाजतो आहे, तर डबा घ्यायचा कशाला? मी विचार करून कळवते, असं लिहून बाईंनी पत्र संपवलं होतं.

आम्ही नमुना दाखवायला गेलो होतो आणि वस्तूच देऊन बसलो होतो. मला रडू यायला लागलं, कारण तो सांधा मी इतका बेमालूम केला नसता तर हे झालंच नसतं. सर लगेच कामाला लागले. म्हणाले, काही बिघडलं नाही. मंगल, आत्ताच्या आत्ता फिरणं बंद कर, तीन-चार फेऱ्या वाजून आपोआप थांबू दे, सँपल म्हणजे सँपल. हे दोन मिनिटांचं काम होतं. मी कीबोर्डवर हात ठेवले आणि अण्णांकडे पाहिलं. ते अक्कांकडे बघत होते.

अक्का म्हणाल्या, “ती पोर गात असेल आणि आपण मागचा तंबोरा मध्येच बंद करायचा?”

सर म्हणाले, “अक्का, धंद्याचा प्रश्न आहे.”

“असेल. मैफिलीत तार तुटली तरी तंबोरेवाला उरलेल्या तारांवर चालू ठेवतो. गाणाऱ्याला उघडं पाडत नाही. आमच्या डब्यानं ते करू नये.”

अण्णांनी टेबलावरची टोपी उचलली. शेड त्यांची होती. त्या दोन बायकांना दसऱ्याला काय सांगायचं तेही त्यांनाच ठरवायचं होतं. मग ते म्हणाले, “राहू दे. फिरू दे तसाच.” आणि टोपी घालून निघाले. सर मला म्हणाले, “यांचं काय करायचं गं?” पण त्यांनी पान बदलायला सांगितलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. आणि मग एका सकाळी दुसरा मेल आला. तो मी आधी पाहिला, कारण तेव्हा ऑफिसात मीच होते. नलिनीबाईंनी लिहिलं होतं की वर्ग सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी सगळे तुमच्या पानावर गायला बसले. तुमच्या पानावरच्या तंबोऱ्याची पट्टी काळी एक आहे, म्हणजे खालची. पुरुषांना ते ठीक, पण माझ्या वर्गात बहुतेक बायका आणि मुलं. कुणाची काळी चार, कुणाची काळी पाच. मुली खाली घसरत गायल्या आणि त्यांचे घसे बसले. कॉम्प्युटरला पट्टी बदलायचा खुंटा नसतो, तुमच्या डब्याला असेल. शिवाय आता सगळ्यांना या जवारीची सवय लागली आहे. दुसऱ्या कंपनीचा लावून पाहिला तर नको म्हणतात. त्यापुढे त्यांनी डबे मागवले होते, पूर्ण वर्गासाठी. आणि तळाशी एक विनंती होती की पान कृपया काढू नका, ज्या एकीला डबा घेणं जमणार नाही ती त्यावर गाईल.

ऑफिसच्या फोनवरून होसकोट्याला लाइन लागेना. मी सरांसाठी चिठ्ठी ठेवली, कॉलेज बुडवलं आणि बस पकडली. शेडमध्ये शिरून मी अण्णांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. बहुधा मी आधी “काळी पाच, काळी पाच” असंच म्हणत होते. सोल्डरिंगवाल्या एकीनं धूर हातानं बाजूला करत विचारलं की या मुलीला काय झालंय. अण्णांनी तिला कन्नडमध्ये सांगितलं. अक्कांनी शेल्फवरचा एक डबा काढला, पट्टी वर चढवली आणि कान लावून तपासायला घेतला, जणू अमेरिकेची गाडी दारात उभी आहे.

ती शेड आजही चालू आहे आणि सोल्डरिंगला आता तिसरी बाई आली आहे. सर नव्या गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगताना फिरता आवाज ही आपली मार्केटिंगची कल्पना होती असं म्हणतात, आणि मी समोर असले तर थोडं हळू म्हणतात. मला एक खंत आहे. काळी चारमध्येही एक आवर्तन कापून ठेवावं असं मला फार वाटतं, त्या डबा न घेऊ शकणाऱ्या मुलीसाठी. अण्णांना ते विचारायचा धीर मी अजून केलेला नाही.

मागच्या महिन्यात मी होसकोट्याला गेले होते. डबे खोक्यात भरणं चाललं होतं. आमच्या सर्व्हरवर कुठल्या देशातून कुणी तो आवाज उतरवून घेतला याची नोंद राहते, ती मी अण्णांना दाखवायला नेली होती. काही देश कुठे आहेत तेही आम्हाला माहीत नव्हतं. अण्णांनी भिंतीवरच्या नकाशात शोधून पाहिले. मग त्यांनी विचारलं की यातल्या कुठे आत्ता कुणी त्याच्यावर गात असेल काय. मी सांगितलं की ते कळायला मार्ग नाही. एकदा उतरून घेतला की तो त्यांच्याच कॉम्प्युटरवर फिरतो. चालू आहे की बंद, आपल्यापर्यंत काही येत नाही.

अण्णा खोक्याला दोरी बांधत होते. त्यांनी गाठ घट्ट ओढली आणि म्हणाले, “चालूच असणार. गाणं संपल्याशिवाय कोण बंद करतंय?”